हुर्यो कशाची उडवायची?

लास वेगासच्या एमजीएम ग्रँडमध्ये 2 मे 2015च्या रात्री फ्लॉइड मेवेदर विजयी झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा टाळ्यांपेक्षा हुर्यो जास्त ऐकू येत होती. समोर होता फिलिपिन्सचा लाडका मॅनी पॅकियाव. ‘होणार, होणार’ म्हणत पाच वर्षे रखडलेली ही लढत घरबसल्या पाहायची तर अमेरिकेत सुमारे शंभर डॉलर मोजावे लागत होते आणि 46 लाख ग्राहकांनी ते मोजले. एवढे पैसे टाकून दिसले काय? पॅकियाव ठोसे फेकतोय आणि ठोसा पोचतो तिथे मेवेदर नाहीच! ठोशांची मोजदाद ठेवणाऱ्या ‘कॉम्प्युबॉक्स’च्या आकड्यांनुसार पॅकियावचे 429पैकी 81 ठोसे लागले, मेवेदरचे 435पैकी 148. म्हणजे ‘पळपुटा’ म्हणून ज्याच्या नावाने शिमगा झाला, त्याने ठोसे फेकलेही जास्त आणि लावलेही जास्त. तिन्ही पंचांचा कौल त्याच्याच बाजूने होता. दोघांचे गुण 116-112, तिसऱ्याचे 118-110.

मेवेदरवर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे. पण लोकांनी ती नेमकी चुकीच्या गोष्टीवर केली.

त्याची उभे राहण्याची ढब पाहून नवख्याला वाटेल, हा गडी मार खायलाच उभा आहे. डावा हात खाली, पोटावर आडवा. उजवा पंजा गालाशी. डावा खांदा वर उचललेला आणि हनुवटी त्याच्या आड. अंग असे तिरके की समोरच्याला छाती-पोटाचा जेमतेम अर्धा भाग दिसावा. प्रतिस्पर्ध्याचा उजवा ठोसा निघाला की मेवेदर कमरेतून किंचित वळतो आणि ठोसा खांद्यावरून घसरून मागे निघून जातो. खरी मेख इथून पुढे आहे. ठोसा मारणाऱ्याचा तोल पुढे गेलेला असतो, त्याचा उजवा हात अजून परतलेला नसतो आणि उजव्या गालाला वाली उरलेला नसतो. मेवेदरचे वळलेले अंग उलट फिरते आणि त्याच झोक्यात त्याचा उजवा ठोसा त्या गालावर बसतो. कधी तो खांदाही वापरत नाही. डोके फक्त दोन बोटे मागे घेतो, ठोसा नाकासमोर संपतो आणि उत्तर तयार असते. यात पळणे कुठेच नाही. उलट, मार बसेल इतक्या अंतरावर उभे राहिल्याशिवाय हा बचाव चालतच नाही.

या पद्धतीला ‘शोल्डर रोल’ म्हणतात. फिलाडेल्फियाच्या व्यायामशाळांत ती घोटली गेली म्हणून ‘फिली शेल’ हेही नाव आहे. मेवेदरला ती घरातच मिळाली. वडील फ्लॉइड सीनियर 1978मध्ये शुगर रे लिओनार्डशी लढलेले, काका रॉजर दोन वजनगटांतले विश्वविजेते. सुरुवातीला त्याचे टोपणनाव ‘प्रीटी बॉय’ होते, कारण इतक्या लढती होऊनही तोंडावर ओरखडा नसे. पुढे ‘मनी’ हे नाव त्याने स्वतःच मिरवले. हा माणूस हरताना पाहायचा म्हणून पैसे भरणारे चाहत्यांइतकेच आहेत, हे त्याने ओळखले होते. हुर्योही विकली जाते, हे त्याच्याइतके कुणाला कळले नसेल.

त्याच्या सगळ्याच लढती रंगल्या असे नाही. पुरेशी आघाडी झाली की शेवटच्या फेऱ्यांत मिठ्या मारून वेळ काढायचा, हा त्याचा शिरस्ता होता आणि त्याचा कंटाळा आला तर प्रेक्षकाला दोष देता येत नाही. कंटाळ्याला भित्रेपणा म्हणणे मात्र चूक. व्यावसायिक मुष्टियुद्धात गुण देताना चार गोष्टी पाहतात: स्वच्छ बसलेले ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगणावरचा ताबा आणि बचाव. शिवाजी पार्कावर ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडणाऱ्याला दाद मिळते, तिथल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. शिवाय ठोसा चुकवणे हा प्रकृतीचाही प्रश्न आहे. न्यूवार्कचे डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी 1928मध्ये डोक्यावर मार खाल्लेल्या मुष्टियोद्ध्यांच्या अडखळत्या चालीवर आणि मंदावणाऱ्या बुद्धीवर निबंध लिहिला. तेव्हापासून मार खाण्याची किंमत काय, हे कुणापासून लपलेले नाही.

तरीही बचाव करणाऱ्यावर हा खेळ नेहमी थोडा खप्पामर्जीच दाखवतो. पर्नेल व्हिटाकरने 1993मध्ये सॅन अँटोनियोत तोवर अजिंक्य असलेल्या हुलिओ सेझार चावेझला बारा फेऱ्या अक्षरशः हवेत ठोसे मारायला लावले आणि निकाल लागला बरोबरीचा. चावेझच्या चाहत्यांनी भरलेल्या त्या मैदानाबाहेर तो निकाल पटलेला माणूस सापडणे कठीण. अपवादही आहेत. अर्जेंटिनाचा निकोलिनो लोच्चे हात खाली सोडून नुसते डोके हलवत उभा राही आणि ब्वेनोस आयरेसचे लुना पार्क ते पाहायला गर्दी करी. 1968मध्ये टोकियोत त्याने पॉल फुजीला चुकवून चुकवून इतके दमवले की दहाव्या फेरीसाठी फुजी उठलाच नाही.

बचावाच्या शैलीवरून माणसाची लायकी ठरवण्याची खोड जुनी आहे आणि तिचा सर्वांत वाईट नमुना जॅक जॉन्सन. टेक्ससमधल्या गॅल्व्हस्टनचा हा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा 1908मध्ये सिडनीत हेवीवेटचा विश्वविजेता झाला. समोरच्याचे ठोसे तो वाटेतच तळव्यावर अडवायचा, मिठीत धरायचा, त्याला दमू द्यायचा आणि मग सावकाश मारायचा. जिम कॉर्बेट या गोऱ्या विजेत्याने अशीच डोक्याने लढलेली लढत ‘शास्त्रशुद्ध’ ठरली होती. जॉन्सनची ‘आळशी’ आणि ‘कपटी’ ठरली. रिंगणात त्याला हरवता येईना, तेव्हा रिंगणाबाहेर पकडले. स्त्रियांचा व्यापार रोखण्यासाठी केलेला कायदा त्याच्या गोऱ्या स्त्रियांशी असलेल्या संबंधांना लावला गेला आणि 1913मध्ये, ज्युरीत एकही कृष्णवर्णीय नसताना, तो दोषी ठरला. शिक्षा एक वर्ष एक दिवस. राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली 2018मध्ये, त्याच्या मृत्यूला सात दशके उलटून गेल्यावर.

खेळाडूचे खासगी आयुष्य तपासायला निघालेल्या प्रत्येकाने जॉन्सनचा खटला आधी वाचावा. पण तो वाचून मेवेदरच्या घरापाशी डोळे मिटायचे, हेही पटत नाही.

जानेवारी 2001मध्ये मेवेदरची गाठ डिएगो कोरालेसशी पडली. कोरालेसवर तेव्हा गरोदर पत्नीला मारहाण केल्याचा खटला होता. आपण ही लढत मार खाणाऱ्या स्त्रियांसाठी लढणार, असे मेवेदरने आधीच सांगून टाकले. त्याने कोरालेसला पाच वेळा खाली पाडले; दहाव्या फेरीत कोरालेसच्या कोपऱ्यातून लढत थांबवण्यात आली. त्याच्या कारकिर्दीतली ही बहुधा सर्वांत देखणी कामगिरी. पुढच्याच वर्षी घरगुती मारहाणीच्या दोन आरोपांत गुन्हा कबूल करण्याची वेळ खुद्द मेवेदरवर आली.

सप्टेंबर 2010मध्ये लास वेगासमध्ये तो आपल्या तीन मुलांच्या आईच्या घरी शिरला आणि तिला मारहाण केली. मुले घरातच होती. त्यांतल्या दहा वर्षांच्या मुलाने काय पाहिले ते पोलिसांना स्वतःच्या हाताने लिहून दिले. डिसेंबर 2011मध्ये मारहाणीचा सौम्य केलेला आरोप मेवेदरने कबूल केला, धमकावण्याच्या दोन आरोपांना विरोध केला नाही आणि त्याला 90 दिवसांची कैद झाली. 6 जानेवारी 2012ला तुरुंगात हजर व्हायचे होते. त्याच दिवशी वकिलांनी न्यायालयाला सांगितले की 5 मेला लढत ठरलेली आहे आणि ती होण्यात शहराचाही फायदा आहे. न्यायाधीशांनी मुदत 1 जूनपर्यंत वाढवून दिली. फेब्रुवारीत नेवाडाच्या क्रीडा आयोगाने त्या लढतीपुरता परवाना दिला. मेमध्ये मेवेदरने मिगेल कोट्टोला हरवले, हमीचे 3 कोटी 20 लाख डॉलर घेतले, मग दोन महिने तुरुंगात काढले आणि ऑगस्टमध्ये बाहेर आला.

तारखा पुढे ढकलणे आपल्याकडच्या वाचकाला नवे नाही. पण दोषी ठरलेल्या माणसाच्या शिक्षेचे वेळापत्रक तिकीटविक्रीशी जुळवून घेणे, हा प्रकार न्यायालयाच्या इमारतीपेक्षा कॅसिनोत शोभणारा होता.

रिंगणाबाहेर काय घडले याच्याशी आयोगाला कर्तव्य नसते, असे उत्तर यावर हमखास मिळते. ते खरे असते तर बरे झाले असते. 28 एप्रिल 1967ला मुहम्मद अलीने ह्यूस्टनमध्ये सैन्यात भरती व्हायला नकार दिला. काही तासांत न्यूयॉर्कच्या क्रीडा आयोगाने त्याचा परवाना निलंबित केला आणि त्याचे जेतेपदही मान्य करायचे सोडले. खटला उभा राहायचा होता; दोषी तो ठरला जूनमध्ये. इतर राज्यांनीही तोच कित्ता गिरवला आणि तारुण्यातली साडेतीन वर्षे अली रिंगणाबाहेर राहिला. 1970मध्ये त्याच्या वकिलांनी न्यूयॉर्क आयोगाचे जुने दप्तर न्यायालयासमोर उघडले. खून, बलात्कार, सशस्त्र दरोडा अशा गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या अनेकांना याच आयोगाने बिनदिक्कत परवाने दिले होते. अलीला परवाना मिळाला. वर्षभरात सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षाही 8-0 अशी एकमताने रद्द केली.

नेवाडाचेच दुसरे उदाहरण घ्या. बलात्काराच्या शिक्षेतली तीन वर्षे भोगून माइक टायसन मार्च 1995मध्ये सुटला. ऑगस्टमध्ये लास वेगासने त्याचे वाजतगाजत स्वागत केले. ती लढत दीड मिनिटही चालली नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला काम मिळावे, यात गैर काही नाही. पण दोन वर्षांनी त्याने इव्हँडर होलिफिल्डचा कान चावला, तेव्हा त्याच आयोगाने परवाना रद्द करून 30 लाख डॉलर दंड ठोकला. नैतिक संताप कसा असतो, हे आयोगाला चांगलेच ठाऊक होते. तो कानासाठी राखून ठेवलेला होता.

मग जॉन्सनचे काय? त्याच्या आणि मेवेदरच्या प्रकरणात नेमका फरक आहे, तो एका साध्या प्रश्नातून कळतो: इजा कुणाला झाली? जॉन्सनने एका समाजाच्या वर्णाहंकाराला धक्का दिला होता, अलीने सरकारला. मेवेदरच्या प्रकरणात मार खाल्लेली बाई होती, पाहणारे मूल होते, आरोपीची स्वतःची कबुली होती. त्याला ‘खासगी आयुष्य’ म्हणणे म्हणजे घराच्या भिंतींना रिंगणाच्या दोरांचे संरक्षण देणे. त्याची उधळपट्टी, सट्टा, नोटांच्या थप्प्यांसोबतचे फोटो हे खुशाल खासगी म्हणावे. पोलिसाच्या हातून मारल्या गेलेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या अंत्यसंस्काराचा खर्च त्याने 2020मध्ये उचलला तोही त्याचा चांगुलपणा म्हणून मोजावा. मारहाणीच्या खात्यातून तो वजा करण्याचे कारण नाही.

खेळ चालवणारे काय करू शकतात, हे सप्टेंबर 2014च्या एका आठवड्यात दिसले. 8 तारखेला अमेरिकन फुटबॉलपटू रे राइसने होणाऱ्या पत्नीला लिफ्टमध्ये ठोसा मारल्याची चित्रफीत बाहेर आली. त्याच दिवशी बाल्टिमोरच्या संघाने त्याला काढून टाकले आणि लीगने बेमुदत बंदी घातली; तो त्या लीगमध्ये पुन्हा खेळला नाही. मेवेदर म्हणाला, आधीची दोन सामन्यांची बंदी पुरे होती. नंतर त्याने त्याबद्दल माफी मागितली. सीएनएनवर रेचेल निकोल्स यांनी त्याच्या स्वतःच्या प्रकरणाबद्दल विचारले तेव्हा त्याचा बचाव होता की फोटो कुठे आहेत, सगळे नुसते आरोप आहेत. हे बोलणारा माणूस गुन्हा कबूल करून, शिक्षा भोगून आलेला होता. 13 तारखेला तो ठरल्याप्रमाणे मार्कोस मायदानाशी लढला आणि जिंकला. राइसची चित्रफीत होती, मेवेदरचा फक्त न्यायालयीन निकाल होता.

2022मध्ये मेवेदरला कॅनास्टोटाच्या मुष्टियुद्ध हॉल ऑफ फेममध्ये विधिवत स्थान मिळाले. ते योग्यच झाले. तिथे 50 लढती आणि 50 विजय मोजले जातात, आणि ते त्याने कमावले होते. कुणाचे विजय खोडायची गरज नाही. परवाना मात्र विजयासारखा कमावलेला नसतो. तो सार्वजनिक संस्थेने दिलेला धंद्याचा अधिकार असतो आणि त्याला अटी घालता येतात. मारहाणीचा गुन्हा न्यायालयात सिद्ध झाला असेल तर शिक्षा पूर्ण होईपर्यंत परवाना नाही, एवढी एक अट नेवाडाने 2012मध्ये घातली असती तर काय बिघडले असते? मेवेदर जानेवारीत आत गेला असता आणि फार तर एप्रिलच्या सुरुवातीला सुटला असता. सरावाला वेळ हवा म्हणून लढत सप्टेंबरवर गेली असती. कोट्टोला चार महिने थांबावे लागले असते.