विश्लेषण : पाऊसही कमी, भावही कमी! बारामती-इंदापूरचा शेतकरी उसाला का चिकटून?

एल निनोच्या २०२३ सालात पावसाने ओढ दिली, उजनी धरण भरले नाही आणि २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणेमध्ये गेला. पुढे २५ मे २०२५ रोजी, ऐन उन्हाळ्यात, बारामती-इंदापूरला मुसळधार पावसाने झोडपले. पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटून पाणी शेतांत शिरले. अशा दोन टोकांत उत्पादकता टिकवणे अवघडच. पण दोष एकट्या पावसाचा नाही.

उणे साठ्याचा फटका कसा?

उजनीच्या ११७ टीएमसीपैकी सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा आहे. पाणी त्याखाली उतरले की साठा 'उणे' होतो. काठावरच्या शेतकऱ्यासाठी याचा अर्थ एवढाच : पाणी मागे सरकेल तशी मोटार पुढे न्यायची, पाइप आणि केबल वाढवायची. खर्च वाढतो, उसाचे वजन घटते. जुलै-ऑगस्ट २०२३ मध्ये लावलेला आडसाली ऊस नेमका याच उन्हाळ्यातून गेला. हे १६ ते १८ महिन्यांचे पीक. लागण करताना पुढचा उन्हाळा कसा जाईल, हे कोणालाच माहीत नसते.

पीक घटले तर भाव वाढायला नको?

बाजाराचा नियम तसाच आहे. पण साखर कमी पडेल या धास्तीने केंद्राने ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली. काही दिवसांत ती अंशतः शिथिल झाली. लगेच दुसऱ्या दिवशी कांद्याची निर्यात बंद झाली, ती मे २०२४ पर्यंत. ग्राहकाला महागाईची झळ बसू नये, हा हेतू समजण्यासारखा आहे. मात्र दुष्काळाची किंमत शेतकऱ्याने दोनदा मोजली : आधी वजनात, मग भावात. अन्नधान्याची महागाई राजकीयदृष्ट्या महाग पडणाऱ्या बहुतेक विकसनशील देशांत हेच घडते.

मग ऊसच का?

कारण तोडणीनंतर १४ दिवसांत एफआरपी देणे कारखान्यावर कायद्याने बंधनकारक आहे. कांदा किंवा टोमॅटोला असे कवच नाही. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा असे कारखानेही हाकेच्या अंतरावर. ज्याचे कर्ज डोक्यावर आहे, तो जास्त पाणी पिणारे पण पैसे बुडण्याची भीती कमी असलेले पीक निवडतो. यात अडाणीपणा नाही, हिशेब आहे.

तो हिशेबही आता ताणला जातोय. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला एफआरपी टनाला ३,५५० रुपये. एवढ्या उताऱ्याने टनातून १०२.५ किलो साखर निघते. साखरेचा किमान विक्री दर मात्र २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला आणि हा हंगाम सुरू झाला तेव्हाही तोच होता. त्या दराने होतात जेमतेम ३,१७७ रुपये. बाजारात साखर याहून महाग विकते हे खरे, तरी कारखान्यांची भिस्त इथेनॉलवर का, हे यातून कळते.

जमिनीचे काय?

कालव्याच्या बेसुमार पाण्याने नीरा खोऱ्यातली जमीन क्षारपड होते, हे हॅरॉल्ड मान यांनी १९१० मध्येच मांडले होते. आज बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात सेन्सर आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे उसाला मोजून पाणी देण्याचे प्रयोग सुरू आहेत. त्याने पाणी वाचेल. मात्र एफआरपी ठरते वजन आणि उताऱ्यावर. वाचवलेल्या पाण्याचा त्यात एक रुपयाही धरलेला नाही.