गावाची चाळणी, विधानसभेची चाळणी

निवडणूक म्हटली की आपल्याकडे पारावर चर्चा होते ती कोण निवडून येणार याची. कोणाला उभेच राहता येत नाही, ही चर्चा तहसील कचेरीत, अर्जांच्या छाननीच्या दिवशी होते. आमच्या बुलडाणा जिल्ह्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली, की हा दिवस मतदानाहूनही रंगतो. कोणाची घरपट्टी थकली आहे, कोणाचा गोठा गावठाणात शिरला आहे, याची बित्तंबातमी विरोधकांच्या खिशात असते.

कायदाच तसा बारीक आहे. मुंबईचा 1958 चा ग्रामपंचायत कायदा, त्यातले कलम 14. कराचे बिल हाती पडून तीन महिन्यांत भरणा झाला नाही, तर सदस्य अपात्र. सरकारी जागेवर अतिक्रमण असेल, तर अपात्र. निवडणूक खर्चाचा हिशेब मुदतीत दिला नाही, तर पाच वर्षांपर्यंत अपात्र. अतिक्रमण सासऱ्याने आणि नवऱ्याने केलेले असले, तरी त्या घरात राहणारी सून सदस्यपदाला मुकते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिला. उलट शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील विचखेड्याच्या महिला सरपंचांना अशाच आरोपावरून घरी बसवले गेले, तेव्हा 2024 मध्ये त्याच न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि अधिकाऱ्यांच्या बेफिकिरीवर ताशेरे ओढले. म्हणजे ही चाळणी कधी कधी खड्याबरोबर दाणाही फेकते. पण ती चालते, आणि लवकर चालते.

विधानसभेची चाळणी वेगळी आहे. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 8 सांगते, की दोन वर्षे वा त्याहून अधिक शिक्षा झाली तर माणूस अपात्र. सुटकेनंतरही सहा वर्षे अपात्र. पदावर असलेल्या आमदार-खासदारांना अपिलासाठी तीन महिन्यांची सवलत होती. ती सर्वोच्च न्यायालयाने लिली थॉमस खटल्यात जुलै 2013 मध्ये काढून टाकली. नियम कडक झाला, पण त्याचा काटा हलतो तो शिक्षा झाल्यावर. आणि शिक्षा होते कधी?

माझे आयुष्य बँकेत गेले, म्हणून उदाहरणही बँकेचेच घेतो. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचा रोखे घोटाळा 2002 मधला. सरकारी रोखे घ्यायचे म्हणून बँकेचे दीडशे कोटींच्या घरातले पैसे दलाल कंपन्यांकडे गेले. रोखे काही आले नाहीत. तेव्हाचे अध्यक्ष सुनील केदार यांना न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा सुनावली ती 22 डिसेंबर 2023 रोजी. लगेच त्यांची सावनेरची आमदारकी गेली. मधल्या 21 वर्षांत ते अनेकदा निवडून आले, मंत्रीही झाले. पुढे जानेवारी 2024 मध्ये त्यांना जामीन मिळाला. दोषसिद्धीला मात्र स्थगिती मिळाली नाही, म्हणून 2024 ची निवडणूक त्यांना लढवता आली नाही. अपिलाचा त्यांचा हक्क कोणी नाकारत नाही. प्रश्न आहे तो 21 वर्षांचा.

आमच्या धंद्यात संध्याकाळी रोकड जुळली नाही, तर रोखपालाला घरी जाता येत नाही. इथे एका पिढीने वाट पाहिली. जिल्हा बँक बुडाली की काय होते, हे बुलडाण्याच्या शेतकऱ्याला सांगायला नको. 2014 मध्ये केंद्राने परवाना नसलेल्या 23 जिल्हा बँका सावरण्याची योजना मंजूर केली, तेव्हा महाराष्ट्रातल्या तीन नावांत नागपूर, वर्धा यांच्याबरोबर बुलडाणाही होते. कारणे प्रत्येकीची निराळी असतील, पण ठेवीदाराची झोप सगळीकडे सारखीच उडते.

निवडणुकीतल्या गैरप्रकारांचीही तीच तऱ्हा. विलेपार्ल्याची पोटनिवडणूक डिसेंबर 1987 मध्ये झाली. धर्माच्या नावाने मते मागितल्याबद्दल रमेश प्रभू यांची निवड रद्द ठरल्यावर सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब झाले डिसेंबर 1995 मध्ये. तोवर ती विधानसभाच संपून पाच वर्षे उलटली होती. बाळासाहेब ठाकरे यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी काढण्याचा आदेश तर 1999 मध्ये निघाला.

मग नुसत्या आरोपावरूनच अपात्र करावे का? मला ते मान्य नाही. खोटी फिर्याद ठोकून प्रतिस्पर्धी बाद करणे किती सोपे होईल, हे गावचे राजकारण पाहिलेल्याला ठाऊक आहे. कायदा बदलण्यापेक्षा खटला हलवणे महत्त्वाचे. आरोप निश्चित झाल्यापासून एका वर्षात असे खटले निकाली काढा, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2014 मध्येच सांगितले. नोव्हेंबर 2023 मध्ये उच्च न्यायालयांना देखरेख ठेवण्यास सांगितले. आदेश पुरेसे आहेत. तारखा कमी व्हायला हव्यात.

तोवर उरते ती आपली चाळणी. उमेदवाराने स्वतःवरचे खटले, मालमत्ता आणि कर्ज शपथपत्रात लिहून द्यावे लागते. ते सर्वांना पाहता येते. 2024 मध्ये बुलडाणा मतदारसंघाचा फैसला अवघ्या 841 मतांनी झाला. एका मोठ्या गावाची मतेसुद्धा त्याहून जास्त भरतात. कर्जाला जामीन राहताना आपण कागद दोनदा वाचतो. मत देणे हेही पाच वर्षांसाठी जामीन राहणेच आहे. सही करण्याआधी घरातल्या सगळ्यांनी मिळून तो कागद एकदा वाचावा.