गाळातले चक्रवाक

मोटारीने गेले की वाटेतल्या गावाची पाटी तेवढी दिसते. सायकलने त्याचा चढ कळतो, आणि त्याची कुत्रीसुद्धा! दिवाळीच्या सुटीत आम्ही उभयता पहाटेच नाशिक सोडतो. चांदोरीला निफाडचा हमरस्ता सोडून सायखेड्याकडे वळले की मालट्रकांचा गोंगाट मागे पडतो. मग आम्हा नाशिककरांची गंगा, म्हणजे गोदावरी, आणि द्राक्षबागा.

मुक्काम नांदूर मध्यमेश्वर. येथे गोदावरीला कादवा मिळते. इथला बंधारा १९०७ ते १९१३ या काळात कालव्यांसाठी बांधला. वर्षानुवर्षे त्यामागे गाळ साचला, दलदल झाली, तीत वनस्पती माजल्या आणि हिवाळी पाखरे उतरू लागली. २०२० साली हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. पक्षिप्रेमी गाळाला दुवा देतात. कालव्याच्या शेपटाकडचा शेतकरी त्याच गाळात आपले हरवलेले पाणी मोजतो. मला दोघांचेही पटते, म्हणून तिथे मी मुकाट्याने डबा उघडतो.

चक्रवाक मी वर्गात वीस वर्षे शिकवला. पाहिला तो येथे. विरहबिरह काही नाही, जोडीने चिखलात चरत होता. हिने सायकलची घंटा तेवढी हाताने दाबून धरली होती.