आधाराची काठी आणि कॅमेऱ्याचा दांडा

भवानी पेठेतील एखादे कुटुंब मांगीतुंगीच्या यात्रेस निघाले की सामानात दोन वस्तू हमखास असतात : वडीलधाऱ्यांची काठी आणि तरुणांचा कॅमेरा. कॅमेऱ्याला स्थैर्य देणारा एकपायी दांडा, म्हणजे मोनोपॉड, काठीचेही काम करीत असेल तर ओझे आणि खर्च दोन्ही वाचतील, हा विचार व्यापारी मनास सहज पटतो. परंतु एका वस्तूवर दोन जबाबदाऱ्या सोपविताना प्रत्येक जबाबदारीची स्वतंत्र पारख करणे आवश्यक असते.

पहिली पारख भाराची. मोनोपॉडच्या खोक्यावर छापलेली क्षमता कॅमेऱ्याच्या वजनाची असते, माणसाच्या नव्हे. कॅमेरा सरळ व स्थिर उभा असतो. तोल गेलेल्या माणसाचा भार मात्र तिरपा आणि झटक्याने येतो. म्हणून चालण्यासाठी वापरता येईल असे उत्पादकाने स्पष्ट लिहिले नसेल, तर त्यास काठी समजू नये. दुकानातच दांडा पूर्ण लांब करून, कुलपे आवळून, त्यावर हळूहळू रेलून पाहावे. नळी आत सरकली तर सौदा तेथेच थांबवावा.

दुसरी पारख कुलपांची व धातूची. पिळून बसणारे कुलूप नीट आवळले गेले की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. खटक्याचे कुलूप उघडे की बंद हे पाहताक्षणी कळते. ॲल्युमिनियम थोडे जड, पण ताण आल्यास बहुधा वाकते. कार्बन फायबर हलके, पण जोराच्या आघाताने तडकू शकते. दगडी पायऱ्यांवर तळाशी रबरी टोपी हवी, मातीच्या वाटेवर अणकुचीदार टोक. मनगटाचा पट्टा चामड्याचा नाही ना, हेही विचारून घ्यावे. नायलॉनचे पट्टे सहज मिळतात.

तिसरी पारख लांबीची. काठी धरल्यावर कोपर काटकोनात यावे. चढताना ती किंचित आखूड, उतरताना किंचित लांब करावी. गिर्यारोहणाच्या अनेक काठ्या साधारण 135 सेंमीपर्यंतच वाढतात, त्यामुळे उंच माणसास छायाचित्र घेताना वाकावे लागते. काही काठ्यांच्या मुठीवरील टोपीखाली पाव इंची स्क्रू असतो. त्यावर लहान कॅमेरा बसतो, पण जड लेन्सचा भार अशा हलक्या काठीवर डोलतो.

नान्नजच्या माळरानावर पक्ष्यांची छायाचित्रे घेणाऱ्याने आधी चांगला मोनोपॉड पाहावा. तेथील सपाट वाटेवर काठीचे काम दुय्यम असते. मांगीतुंगीच्या हजारो पायऱ्यांवर मात्र हा क्रम उलटा होतो. तेथे आधी काठी, मग कॅमेरा.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा बहुधा खरेदीनंतरच ध्यानात येतो. कॅमेरा चढविलेला असेपर्यंत ती काठी काठी राहत नाही. नातू छायाचित्र घेण्यासाठी दांडा मागतो, तेव्हा आजोबा अरुंद पायरीवर आधाराविना उभे असतात. उतरताना गुडघ्यांवर अधिक ताण येतो आणि थकवाही तेव्हाच जास्त असतो. म्हणून एकट्या, धडधाकट प्रवाशास दुहेरी दांडा सोयीचा ठरेल. परंतु घरात कोणाचे गुडघे दुखत असतील, तर त्यांची काठी स्वतंत्र घ्यावी आणि ती कोणीही मागू नये. ही काटकसर करण्याची जागा नव्हे.