बालसंधिवात आणि मोठ्यांची निश्चिंती

‘संधिवात हा म्हाताऱ्यांचा आजार’ असे आपण इतक्या सहजपणे म्हणतो, की ते खरे की खोटे याचा विचारही करीत नाही. ते खोटे आहे. १६ वर्षांखालील मुलाचा सांधा दुसरे कारण न सापडता ६ आठवडे सुजलेला राहिला, तर तो बालसंधिवात असू शकतो. मूल सकाळी लंगडते, दुपारी खेळू लागते. आणि आपण म्हणतो, शाळा चुकविण्याचे निमित्त! काही मुलांत हा रोग डोळ्यांत उतरतो. डोळा लाल होत नाही, दुखत नाही. दृष्टी मात्र निमूटपणे जाते.

यावर उपाय आहे. आठवड्यातून एकदा द्यावयाचे मेथोट्रेक्झेट हे औषध काही दुर्मिळ नाही. दुर्मिळ आहे तो ते योग्य वेळी, योग्य मात्रेत देणारा तज्ज्ञ. आणि तो मुंबई-पुण्यासारख्या महानगरांत वसलेला. बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूरच्या शेतमजुराने मजुरी बुडवून, शेगावला रात्रीची गाडी धरून, लेकराला कडेवर घेऊन मुंबईला किती खेपा घालाव्यात?

‘तज्ज्ञच नाहीत, तर आम्ही काय करणार?’ असे उत्तर मिळते. हे उत्तर नव्हे, ही पळवाट आहे. २०१३ साली पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांतून व शाळांतून मुलांना तपासतात. त्यांच्या ३० विकारांच्या मूळ यादीत संधिज्वराने होणारा हृदयरोग आहे, ते योग्यच. पण बालसंधिवात नाही. सुजलेला गुडघा पाहावयास आणि मुलाला वेळीच पुढे पाठवावयास डी. एम. पदवी लागते काय?

२०२४ साली बुलढाण्यात १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथील प्रत्येक विद्यार्थ्याला मुलांचे सांधे तपासावयास शिकवावे. महिन्यातून एक दिवस बाहेरचा तज्ज्ञ तेथे बोलवावा. उरलेले दिवस स्थानिक बालरोगतज्ज्ञाने व नेत्रतज्ज्ञाने त्याच्या सल्ल्याने मुलांवर देखरेख ठेवावी. शंभर मुलांनी मुंबईस जाण्यापेक्षा एका डॉक्टरने बुलढाण्यास येणे सोपे नाही काय?

आणि वाचकहो, सारा दोष शासनाच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपल्या कितीतरी घरांत परिचारिका आहेत, शिक्षिका आहेत. रोज सकाळी लंगडणारे मूल त्यांनाच प्रथम दिसते. त्याला ‘आळशी’ म्हणण्याआधी त्याचा गुडघा पाहा. तज्ज्ञ घडावयास वर्षे लागतील. गुडघा पाहावयास क्षण पुरे.