टायर फुटण्यात दैवाचा दोष नाही

ऑक्टोबर २०१० मध्ये तीन सहकारी मोटारीने पुण्याहून मुंबईला निघाले होते. वाटेत मागचा टायर फुटला, गाडी खोल खड्ड्यात कोसळली आणि त्यांच्यापैकी अडतीस वर्षांचा एक जण जागीच गेला. पुण्याच्या न्यायाधिकरणाने त्याच्या कुटुंबाला सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. त्याविरुद्ध विमा कंपनी उच्च न्यायालयात गेली. टायर फुटणं ही दैवी घटना, त्यात चालकाचा काय दोष, असा तिचा दावा होता. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला. अतिवेग, कमी किंवा जास्त हवा, वापरून झालेले टायर ही माणसाच्या हातातली कारणं आहेत आणि निघण्यापूर्वी टायर तपासणं चालकाचं काम आहे, असं न्यायालयाने बजावलं.

हा निकाल प्रत्येक मोटारमालकाने मनावर घ्यायला हवा. कारण ‘टायर फुटला, नशीब खोटं’ हे वाक्य आपल्याकडे अपघातानंतर फार सहज उच्चारलं जातं.

टायर बहुतेक वेळा एकाएकी फुटत नाही. हवा कमी असली की चाकाच्या प्रत्येक फेरीला टायरची बाजू जास्त दबते, वाकते, पुन्हा सरळ होते. या वाकण्यातून उष्णता तयार होते. गावातल्या गावात तीस-चाळीसच्या वेगाने फिरताना ती निघूनही जाते. तीच गाडी समृद्धी महामार्गावर ताशी १२० च्या वेगाने, पाच माणसं आणि सामान घेऊन, वैशाखातल्या दुपारी तास-दोन तास धावली की आतले थर सुटू लागतात. म्हणजे दोष घरून निघतानाच चाकात बसलेला असतो, महामार्ग तो फक्त बाहेर काढतो.

मग हवा किती हवी? पंपावरचा पोरगा विचारतो, ‘किती मारू?’ आणि मालक अंदाजाने ‘तीस-बत्तीस’ म्हणून मोकळा होतो. खरा आकडा बहुतेक मोटारींत चालकाचा दरवाजा उघडल्यावर दिसणाऱ्या चिठ्ठीवर छापलेला असतो. पुढच्या आणि मागच्या चाकांचा वेगळा, भरलेल्या गाडीचा वेगळा. टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा हा कमाल मर्यादेचा असतो. तेवढी हवा भरायची नसते. हवा मोजायची ती टायर थंड असताना, सकाळी निघण्यापूर्वी. लांबच्या प्रवासात मधेच थांबून, तापल्याने वाढलेली हवा काढून टाकणारे अनेक जण दिसतात. ही चूक महागात पडते, कारण टायर थंड झाला की तोच कमी हवेचा निघतो. नायट्रोजनचा आग्रह धरणाऱ्यांनी साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो हे लक्षात घ्यावं. गॅस कोणता यापेक्षा दाब नियमित मोजला जातो का, हे कितीतरी महत्त्वाचं आहे.

झिजेचा हिशेबही सोपा आहे. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की खाच १.६ मिलिमीटर उरली असं समजायचं. मोटारीसाठी कायद्याची मर्यादा तेवढीच आहे. कोकणातल्या पावसात मात्र त्याही आधी टायर बदलावा, कारण चाकाखालचं पाणी बाहेर फेकायला खोल खाचच लागते. एकाच कडेने टायर खाल्ला जात असेल तर अलाइनमेंट करून घ्यावं.

टायरला वयही असतं. बाजूवरच्या ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटचे चार आकडे पाहावेत : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कमी फिरलेल्या गाडीची नक्षी शाबूत दिसते, पण रबर आतून कडक झालेलं असू शकतं. जुनी गाडी घेताना लोक किलोमीटरचा आकडा दहा वेळा विचारतात, हा आकडा क्वचितच पाहतात.

खंडेनवमीला गाडी धुऊन, झेंडूची माळ घालून पूजा होते. ही कृतज्ञता मनापासूनची असते. त्याच सकाळी, माळ घालण्याआधी, चारही चाकांची हवा मोजायचा परिपाठ घराघरांत पडावा. एरवी महिन्यातून एकदा पेट्रोल पंपावर थांबावं. तिथे हवा मोफतच मिळते. आणि डिकीतली स्टेपनी विसरू नये. अडचणीच्या वेळी तिच्यातच हवा नसते.