हरवलेल्यांचा शोध : समाजमाध्यमांचे बळ आणि मर्यादा

गुरू सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वर येथे सिंहस्थ कुंभमेळा भरतो आणि त्याच फेऱ्यात तमिळनाडूतील कुंभकोणम येथे महामहम उत्सव होतो. आगामी सिंहस्थातील प्रमुख स्नाने २०२७ मध्ये, तर महामहम २०२८ मध्ये आहे. कुंभकोणम येथे १९९२ मध्ये चेंगराचेंगरीत सुमारे ५० भाविकांचा, तर नाशिक येथे २००३ मध्ये ३९ जणांचा मृत्यू झाला होता. अशा गर्दीत ताटातूट झालेल्यांसाठी ध्वनिक्षेपकावरून नावे पुकारणे ही जुनी पद्धत आहे. आता तिच्या जोडीला समाजमाध्यमांवरील स्वयंसेवकांचे गट उभे राहिले असून, त्यांचे बळ आणि त्यांचा धोका या दोहोंचा विचार मेळ्यापूर्वीच होणे आवश्यक आहे.

या साधनाचे बळ मुंबईतील एका प्रकरणात दिसले. अंधेरी येथून जानेवारी २०१३ मध्ये बेपत्ता झालेली सात वर्षांची मुलगी ऑगस्ट २०२२ मध्ये कुटुंबाकडे परतली. घरकाम करणाऱ्या एका महिलेच्या मदतीने इंटरनेटवर शोध घेतला असता तिच्याच शोधाचे जुने भित्तिपत्रक सापडले. त्यावरील पाच दूरध्वनी क्रमांकांपैकी चार बंद होते. शेजाऱ्याचा पाचवा तेवढा सुरू होता. डी. एन. नगर पोलीस ठाण्यातील सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांनी निवृत्तीनंतरही तिचा शोध सोडला नव्हता. येथे संदेशाच्या वेगापेक्षा टिकून राहिलेली नोंद आणि चालू असलेला एक क्रमांक निर्णायक ठरला.

याच साधनाची दुसरी बाजू २०१८ मध्ये समोर आली. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवेतून १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने पाच भिक्षेकऱ्यांची हत्या केली. त्यापूर्वी मे महिन्यात तमिळनाडूतील तिरुवण्णामलै जिल्ह्यात मुलांना चॉकलेट देणाऱ्या एका वृद्धेचा अशाच संशयातून बळी गेला होता. त्याच जुलैमध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. बेपत्ता बालकाविषयीची कळकळ आणि अनोळखी माणसाविषयीची भीती एकाच वाटेने पसरतात, हे या घटनांनी दाखवून दिले.

कायद्याने कुटुंबांच्या हाती बरेच काही दिले आहे. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर बेपत्ता बालकाच्या तक्रारीत गुन्हा नोंदवणे बंधनकारक ठरवले. तक्रारीसाठी २४ तास थांबण्याची अट कायद्यात नाही. चार महिन्यांत बालक न सापडल्यास तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे देण्याची तरतूद आहे. त्यामुळे संदेश हा तक्रारीला पर्याय नव्हे. तो तक्रारीच्या मागोमाग निघाला पाहिजे.

मेसेजमध्ये तारीख, पोलीस ठाणे आणि पडताळणीचा क्रमांक नसेल तर तो पुढे पाठवू नये. व्यक्ती सापडल्यावर तसे कळवणे आणि मूळ छायाचित्र काढून टाकणे हीदेखील शोधाइतकीच मोठी जबाबदारी आहे. अन्यथा घरी परतलेले मूल वर्षानुवर्षे बेपत्ताच राहते. एकटे भटकणारे मूल आढळल्यास त्याचे छायाचित्र प्रसृत करण्याऐवजी १०९८ किंवा ११२ वर कळवणे योग्य.

प्रौढांच्या बाबतीत आणखी एक प्रश्न उरतो. हिंसाचाराला कंटाळून घर सोडलेली स्त्री किंवा कुटुंबाच्या विरोधात विवाह केलेले जोडपे ‘बेपत्ता’ म्हणून जाहीर होऊ शकते. त्यांचा ठावठिकाणा उघड करणारा सद्‌हेतूचा संदेश पाठलाग करणाऱ्याच्या हाती पडतो. म्हणून माहिती मिळाल्यास ती गटावर न टाकता थेट पोलिसांना द्यावी. आपण सुखरूप आहोत एवढेच कळवून पत्ता गुप्त ठेवण्याचा प्रौढ व्यक्तीचा निर्णय मान्य करावा लागेल.

नाशिक आणि कुंभकोणम येथे लक्षावधी भाविक येतील. अनेकांची भाषा स्थानिकांना कळणार नाही. पोलीस, भूले-बिसरे कक्ष आणि स्वयंसेवक यांची नोंद एकच असेल, तरच या गटांची धडपड कामी येईल. हरवलेल्याला शोधणारे हात अनेक असावेत. नोंदवही मात्र एकच असावी.